प्रथिनाचं नाव म्हणजे पेशीची ओळख नव्हे

हिप्पोकॅम्पसमधल्या निरोधक चेतापेशींचा आढावा काहालपासून सुरू करण्याची रीत आहे. काहालनं आणि १९३४मध्ये लोरेन्ते दे नो यानं त्या रेखाटल्या, साठच्या दशकात अँडरसन आणि एक्लस यांनी बास्केट पेशींचा निरोध विद्युत-नोंदींतून दाखवला. एवढं सांगून मी थेट ऐंशीच्या दशकात येतो, कारण खरी रंगत तिथं आहे.

चेलिओनं १९८६मध्ये रॅटच्या कॉर्टेक्समधल्या बहुतेक गाबा-पेशींत, म्हणजे निरोधक पेशींत, पार्व्हाल्ब्युमिन हे कॅल्शियम धरणारं प्रथिन असल्याचं नोंदवलं. पुढच्याच वर्षी कोसाका आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसमध्ये ते शोधलं. कॅल्बिंडिन आणि कॅलरेटिनिन या त्याच जातीच्या प्रथिनांचेही प्रतिपिंड हाती आले आणि प्रयोगशाळांतून तपकिरी छेदांचा पूर आला. या खुणांनी आम्हाला दृष्टी दिली, आणि एक वाईट खोडही लावली. ‘पीव्ही पेशी’ हा जणू एकच प्रकार असल्यासारखं लोक लिहू लागले. पार्व्हाल्ब्युमिन बास्केट पेशींत असतं, अक्षतंतूच्या आरंभावरच सायनॅप्स करणाऱ्या अॅक्सो-अॅक्सॉनिक पेशींत असतं, बायस्ट्रॅटिफाइड पेशींतही असतं. एक पिरॅमिडल पेशीच्या शरीराभोवती विळखा घालते, दुसरी तिच्या अक्षतंतूचा आरंभ धरते, तिसरी शाखिकांवर काम करते. क्लाउसबर्गर आणि शोमोजी यांनी २००३मध्ये दाखवलं की थीटा लयीत यांतल्या बास्केट आणि अॅक्सो-अॅक्सॉनिक पेशींच्या वेळाही जुळत नाहीत. मग त्यांना एका नावाखाली कशाला कोंबायचं?

माझा जीव मात्र कॅलरेटिनिनवर. १९९६मध्ये बुडापेस्टच्या गुयाश, हायोश आणि फ्रॉइंड यांनी रॅटमध्ये दाखवलं की या पेशी प्रामुख्यानं इतर निरोधक पेशींनाच आवरतात. कॅल्बिंडिनच्या आणि व्हीआयपी या पेप्टाइडच्या पेशींशी त्यांची जवळीक, पण पार्व्हाल्ब्युमिनच्या पेशी त्या टाळतात. त्यांच्या लांब शाखिका एकमेकींना लगटून जुडग्यानं धावतात. निरोधकांचाच निरोध झाला, तर पिरॅमिडल पेशीवरची पकड सैल होते. मेंदूतल्या या युक्तीपुढे मला दुसरं काही सुंदर वाटलेलं नाही. हे सारं कळलं ते अक्षतंतू कुठं जाऊन थांबतो हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यामुळे.

काही मंडळी म्हणतात, हा जुना शिरस्ता झाला. हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये माउसच्या सीए-१ भागातल्या निरोधक पेशींचे जनुक-वाचनावरून एकोणपन्नास गट केले, आता आणखी काय पाहायचं? त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण जनुकांची यादी पेशीचा पत्ता सांगत नाही. प्राणी बदलला तरी खूण दगा देते. माउसच्या हायलसमधल्या कित्येक मॉसी पेशी, ज्या उत्तेजक आहेत, कॅलरेटिनिन बाळगतात. रॅटच्या बाळगत नाहीत. कॅल्बिंडिनचं तर विचारूच नका, ते डेंटेट गायरसच्या ग्रॅन्यूल पेशींत भरलेलं असतं, आणि त्याही उत्तेजकच.

या प्रथिनांमुळे पेशी अपस्माराच्या झटक्यांतून वाचतात, हा विचार १९८९मध्ये स्लोव्हिटरच्या कामातून जोर धरू लागला. तो मोहक होता. पण अपस्माराच्या रुग्णांत तग धरून राहिलेल्या ग्रॅन्यूल पेशींतून कॅल्बिंडिन नाहीसं झालेलं आढळतं. पेशी जिवंत, खूण गेलेली. तरीही आज खूण दिसली नाही की ‘पेशी मेल्या’ असं छापून येतं, आणि परीक्षकही मान डोलावतात. याचं मला मनापासून दुःख होतं. विद्यार्थी पडद्यावरचे ठिपके मोजतात, आणि भिंगाखालचा अक्षतंतू पाहायला कुणाला सवड नसते.

या विषयात येऊ पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: निदान एका कॅलरेटिनिन पेशीचा अक्षतंतू शेवटच्या फांदीपर्यंत स्वतःच्या हातानं रेखाटा, मग तिला नाव द्या.