संपर्कशोध आणि लोकमानस : सोलापूरच्या संदर्भात काही विचार

साथीच्या रोगात रुग्णाच्या निकट सहवासात आलेल्या व्यक्ती हुडकून काढणे, या क्रियेस संपर्कशोध म्हणतात. तिचे तांत्रिक अंग सोपे आहे. अवघड आहे ते रुग्णाच्या तोंडून नावे निघणे. आपण शेजाऱ्याचे हित करीत आहोत की त्याला सरकारच्या हवाली करीत आहोत, या प्रश्नाचे जे उत्तर रुग्णाच्या मनात असेल, त्यावरच यादीचा खरेपणा अवलंबून असतो.

ही शंका महाराष्ट्रात जुनी आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी लष्कराच्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या; रुग्णांना इस्पितळात व त्यांच्या सहवासातील माणसांना छावण्यांत हलविले. परिणामी लोक रुग्णच लपवू लागले. त्याच वर्षीचा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये राज्यात पुन्हा अंमलात आला. घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णयही त्याच महिन्यातला. शिक्का वैद्यकीय सूचनेसाठी होता हे खरे; पण पाहणाऱ्याने तो तसा वाचलाच असेल, असे कोण म्हणेल?

सोलापुरात पहिला कोविडरुग्ण एप्रिल २०२० मध्ये आढळला. या शहराची परिस्थिती विशेष विचारात घ्यावयास हवी. येथील हजारो स्त्रिया कारखान्यातून पाने व तंबाखू घरी आणतात, विड्या वळतात आणि तयार माल कारखान्यात मोजून देतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. अशा स्त्रीला तिचे ‘संपर्क’ विचारणे म्हणजे रांगेतील सोबतिणी व शेजारच्या घरातील वळणाऱ्या बायका यांची नावे विचारणे होय. तिने सांगितलेल्या प्रत्येक नावामागे तेव्हा चौदा दिवसांची बुडणारी मजुरी उभी असे. तिच्या मौनास अज्ञान म्हणणे मला मान्य नाही. तो तिचा हिशेब आहे.

त्यात भाषेची भर. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणाऱ्या या शहरात प्रश्न कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून येतो, यावरही उत्तर ठरते. ‘आरोग्य सेतू’ने हे काम यंत्राकडे सोपविले, परंतु त्यासाठी प्रत्येकाजवळ स्मार्टफोन हवा होता.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच एक पथ्य पाळावे. ‘संपर्कशोध आपणांस मान्य आहे काय?’ या प्रश्नास बहुतेकजण होकारच देतील. कोणाचे नाव सांगावयाचे टाळले आणि ते का, हे विचारावयास हवे. तेही प्रश्नावली घेऊन दारात उभे राहून नव्हे, परिचय झाल्यावर.