गिरगाव चौपाटीवर विसर्जन बघायला जाताय? वाळूत दडलेला पाकट मासा आधी ओळखून ठेवा

गणपती आले की आपल्या तालुक्यातल्या एसट्या आणि ट्रॅव्हल्स मुंबईकडे भरभरून जातात. लालबाग-परळच्या चाळीत कुणाचा काका गिरणीत होता, कुणाची आत्या अजून तिथंच राहते. एक रात्र राजाच्या रांगेत जाते, आणि अनंत चतुर्दशीला मिरवणुकीबरोबर चालत थेट गिरगाव चौपाटी. तिथं पोहोचलं की गावाकडचा माणूस पहिली गोष्ट काय करतो? चपला हातात घेतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि समुद्रात पाय बुडवतो. समुद्र वर्षातून एकदा दिसतो, त्यामुळे त्यात चुकीचं काही नाही. फक्त त्या पाण्याखाली कोण बसलेलं असतं, हे माहीत असलेलं बरं.

2013 च्या सप्टेंबरात दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन चालू असताना याच चौपाटीवर एकाएकी आरडाओरडा झाला. पाण्यात उतरलेली माणसं पाय धरून बाहेर यायला लागली. पायातून रक्त आणि कळ अशी की उभं राहवेना. एकाच दिवसात पन्नासच्या वर लोकांना उपचार घ्यावे लागले. माशांनी हल्ला केला, मासे चावले, अशा बातम्या पसरल्या. खरं तर ना हल्ला झाला होता, ना कुणाला मासा चावला होता. माणसांचे पाय माशांवर पडले होते.

तो मासा म्हणजे पाकट. इंग्रजीत त्याला स्टिंग रे म्हणतात आणि महापालिकेच्या सूचनेतही तेच नाव असतं. अंगानं चपटा, थाळीसारखा. काही पाकट ताटलीएवढे, तर काही परातीपेक्षाही मोठे. मागे चाबकासारखं लांब शेपूट. हा शार्कच्या, म्हणजे मुशीच्या नात्यातला. अंगात हाड नाही, सगळी कुर्ची. तोंड पोटाच्या बाजूला असतं, डोळे पाठीवर. डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात, त्यातून तो श्वासाचं पाणी आत घेतो. त्यामुळे अंगावर वाळू ओढून घेऊन तो आरामात पडून राहू शकतो. उथळ पाण्यातल्या मऊ वाळूत आणि चिखलात खेकडे, शिंपल्या, किडे, बारकी मासळी हे त्याचं खाणं. म्हणजे नेमकं जिथं आपण गुडघाभर पाण्यात उभे राहतो, तिथंच त्याचं ताट वाढलेलं असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाकट आणि जेलीफिश जास्त दिसतात, म्हणून महापालिका आणि मत्स्यव्यवसाय खातं विसर्जनाच्या आधी सावधगिरीच्या सूचना काढतात. काही वर्षी चौपाटीवर जाळी टाकून आधी तपासूनही बघितलं गेलं आहे.

त्याचं हत्यार शेपटावर असतं. शेपटाच्या टोकाला नव्हे, तर वरच्या अंगाला एक काटा असतो, कधी कधी दोन. काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे उलटे दाते. आत जाताना सहज जातो, निघताना मांस फाडत निघतो. वरून विषारी चिकट आवरण असतं, ते जखमेतच राहतं. काटा तुटून आत राहिला तर माशाला नवीन येतो, आपल्याला मात्र दवाखाना. पाकट हे हत्यार शिकारीला वापरत नाही. माणूस जवळ आल्याचं कळलं तर तो आधी पळून जातो. अंगावर पाय पडला तरच शेपूट उचलून मारतो, आणि तो मार बहुतेक वेळा घोट्याला किंवा पावलाला बसतो.

आपल्याला हे नवीन नाही. पावसाळ्यात रात्री बांधावरून मोटर चालू करायला जाताना आपण काठी आपटत, पाय वाजवत जातो. जनावराला चाहूल लागली की ते बाजूला होतं. पाकटाचंही तेच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सील बीच नावाच्या किनाऱ्यावर इतके पाकट असतात की तिथं येणाऱ्यांना पाण्यात चालायची रीतच शिकवतात. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत, ढकलत पुढे न्यायचं. वाळू हलते, मासा उठून निघून जातो. पाऊल घासत गेलं आणि मासा पायाला लागला, तरी तो बाजूने लागतो, पायाखाली चिरडत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर तर लोक पैसे भरून कमरेएवढ्या पाण्यात पाकटांच्या घोळक्यात उभे राहतात. मच्छीमार तिथं मासळी साफ करून टाकाऊ भाग पाण्यात टाकायचे, त्या सवयीनं पाकट जमायला लागले आणि पुढे ते पर्यटनाचं ठिकाण झालं. तिथंही पहिली सूचना हीच, पाय घासत चाला.

आता कुणी म्हणेल, ऑस्ट्रेलियाचा तो मगरीवाला स्टीव्ह आयर्विन पाकटानंच गेला ना? गेला, 4 सप्टेंबर 2006 ला. पण त्याला काटा पायात नाही, छातीत लागला होता. पाण्याखाली चित्रीकरण करताना तो मोठ्या पाकटाच्या अगदी वर पोहत होता. असे मृत्यू जगात फार थोडे झाले आहेत. पायाला लागलेला काटा जीव सहसा घेत नाही, पण वेदना अशी देतो की विंचू परवडला.

मग चौपाटीवर काय करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे पाण्यात उतरूच नये. तशी आता गरजही कमी झाली आहे. 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं 6 फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्या लागल्या, आणि चौपाटीवर मूर्ती पाण्यात न्यायला जीवरक्षक आणि स्वयंसेवक असतात. मूर्ती त्यांच्या हाती द्यावी. मोठ्या मूर्तींचं विसर्जन तर भरतीच्या हिशेबानं तराफ्यावरून होतं. ते बघायला ओल्या वाळूपर्यंत गेलं तरी पुरतं. लहान पोरांना मात्र पाण्याच्या कडेला मोकळं सोडू नका. ती पळतात, उड्या मारतात, म्हणजे पाय नेमका वरून आदळतो. ज्यांना उतरावंच लागतं त्यांनी उघड्या अंगानं, अनवाणी उतरू नये. महापालिका गमबूट घालायला सांगते. काटा गमबुटातूनही घुसू शकतो, म्हणून बूट असले तरी पाय घासतच चालावं. अनवाणी जाणं ही श्रद्धा आहे हे खरं, पण देवळाच्या पायरीवर अनवाणी आणि गढूळ पाण्यात अनवाणी यात फरक आहे.

आणि लागलाच काटा तर? घाबरून पाण्यात धावू नका, दुसरा पाकट पायाखाली यायचा. सावकाश बाहेर या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, जखम पाण्यानं धुवा. त्यानंतरचा उपाय फारच थोड्यांना माहीत आहे, तो म्हणजे गरम पाणी. पाकटाचं विष उष्णतेनं निकामी होतं. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की कळ बरीच उतरते. सील बीचवरचे जीवरक्षक हाच उपाय करतात. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या पायानं नव्हे, चांगल्या हातानं बघा. दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही आणि कातडी भाजते. चौपाटीवर चहावाले असतात, पण उकळतं पाणी थेट ओतू नका, थंड मिसळा.

आपल्याकडची विंचवाची सवय इथं सोडायची. वर आवळून दोरी बांधणं, ब्लेड मारणं, तोंडानं ओढणं, चुना लावणं, यातलं काही करायचं नाही. चौपाटीवर प्रथमोपचार केंद्र असतं, 108 ची गाडी असते. गिरगावपासून नायर, जे. जे. ही रुग्णालयं जवळ आहेत. कळ थांबली म्हणून गावाकडची गाडी पकडू नका. काट्याचा तुकडा आत आहे का हे एक्स-रेमध्ये बघावं लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. शुगर असलेल्यानं तर अजिबात टाळू नये, आठवड्यानं पाय सुजून पू झाला तर प्रकरण वाढतं. काटा पोटात, छातीत किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसू नका, तसाच दवाखान्यात न्या.

जेलीफिशचं वेगळं आहे. ती पाण्यात तरंगते, आणि वाळूवर मेलेली दिसली तरी तिच्या दोऱ्या आग लावतात. निळा फुगा दिसला की पोरं हमखास उचलतात. लागली तर चोळू किंवा खाजवू नका. चिकटलेली दोरी नुसत्या हातानं न काढता काडीनं किंवा कार्डाच्या कडेनं काढा, जागा समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि प्रथमोपचार केंद्रावर जा. श्वास लागला, चक्कर आली तर अजिबात वेळ घालवू नका.

ज्यांना पाकट नजरेनं बघायचाच आहे त्यांनी विसर्जनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जावं. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरलं की तिथून जवळ आहे. बोटी लागतात, मासळीचा लिलाव होतो, आणि नशीब असेल तर त्या ढिगात चपटे पाकट पालथे पडलेले दिसतात. शेपूट बहुधा दिसणार नाही. जाळ्यात पाकट आला की मच्छीमार सगळ्यात आधी तेच तोडून टाकतात.