हळदीच्या चुलीतला कार्बन निघाला उत्तरेला!

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतच्या शिवारात चक्कर मारलीत, तर बांधाबांधावर हळदीचे कुकर पेटलेले दिसतील. खाली लाकडं आणि कापसाच्या पऱ्हाट्या जळत असतात, वर वाफेवर हळद शिजत असते. मग ती वाळणार, पॉलिश होणार आणि पोत्यांत भरून मोंढ्यात जाणार. हळदीचा हा प्रवास वसमतच्या पोरासोरांना पाठ असतो. पण चुलीत जळालेल्या लाकडांचा प्रवास कुणी सांगेल का?

“त्यांची राख झाली!” असं म्हणाल. बरं, पण राख तर घमेलंभर उरली. गाडीभर लाकडं गेली कुठं?

ती हवेत गेली. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. जळताना कार्बनचा एकेक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. म्हणूनच एक किलो कोरडं लाकूड जळलं की सुमारे पावणेदोन किलो वायू बाहेर पडतो, लाकडापेक्षाही जास्त वजनाचा! धूर डोळ्यांना दिसतो, झोंबतो. हा वायू मात्र ना दिसतो, ना त्याला वास येतो. तो गुपचूप वाऱ्यावर स्वार होतो आणि महिना-दोन महिन्यांत पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात सगळीकडं मिसळून जातो.

चला, आज आपण त्यातल्या काही कणांच्या मागं जाऊ. फार लांब जायचंय, स्वेटर घ्या!

वसमत आहे विषुववृत्तापासून साधारण १९ अंश उत्तरेला. आपल्याला जायचंय ७९ अंशांवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर. तिथं कोंग्सफियोर्ड नावाची एक खाडी आहे. हिमनद्यांनी हजारो वर्षं डोंगर कोरून केलेली खोल, लांबट खाडी म्हणजे फियोर्ड. तिच्या एका टोकाला बर्फाचे उंच कडे पाण्यात कोसळत असतात, दुसरं टोक समुद्राला उघडं असतं. काठावर न्यू-ओलेसुंड हे चिमुकलं गाव आहे. उत्तर ध्रुव तिथून जेमतेम १२०० किलोमीटर!

आणि गंमत म्हणजे या गावात आपलंही एक घर आहे. ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र तिथं २००८ मध्ये सुरू झालं. त्याचं काम बघते गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था. म्हणजे नारळीच्या झाडांजवळ बसलेली माणसं बर्फातल्या खाडीची नाडी तपासतात.

आपले कण तिथं पोचले, की त्यांना समोर थंडगार पाणी दिसतं. आणि थंड पाण्याला हा वायू पोटात घ्यायला फार आवडतं. ३० अंश तापमानाच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या सुमारे अडीचपट तो शून्य अंशाच्या पाण्यात विरघळतो. पाणी गरम असलं की वायूचे कण फार धावपळ करतात आणि निसटतात. पाणी थंड असलं की ते पाण्यातच रमतात. त्यातले बहुतेक तर पाण्याशी जोडी जमवून बायकार्बोनेट होतात. समुद्रातल्या विरघळलेल्या कार्बनपैकी सुमारे ९० टक्के याच रूपात असतो. हा कप्पा भलताच मोठा आहे. आपल्या सगळ्या वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ ५० पट महासागरांत आहे.

पण खाडी वर्षभर सारख्याच वेगानं कार्बन घेत नाही. तिचेही हंगाम असतात, अगदी हळदीसारखे. चला, एकेक हंगाम पाहू.

पहिला हंगाम, वसंत. वसमतला मार्चमध्ये हळद शिजत असते, तेव्हा खाडीवर सूर्य नुकताच परतलेला असतो. एप्रिलच्या मध्यापासून तर तो मावळतच नाही, चोवीस तास प्रकाश! एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, तिथल्या शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात एकदम पेरणी झाल्यासारखं होतं. डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती भराभर वाढतात. त्या इतक्या लहान, की एकटी डायटम डोळ्यांना दिसतच नाही. तिच्या अंगाभोवती वाळूतल्याच सिलिकाची, म्हणजे काचेची, नक्षीदार डबी असते. एकीच्या दोन, दोनच्या चार होता होता पाण्याचा रंगच बदलतो.

या डायटम पानांसारखंच काम करतात. सूर्यप्रकाश घ्यायचा, पाण्यातला कार्बन घ्यायचा आणि स्वतःचं अन्न बनवायचं. जगात जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रातल्या अशा तरंगत्या जिवांकडून होतं! त्यांनी पाण्यातला वायू भराभरा संपवला, की पाण्यात जागा होते आणि हवेतून नवा वायू आत शिरतो. म्हणजे आपल्या हळदीच्या चुलीतले कण नेमके भरगच्च हंगामात तिथं पोचतात.

दुसरा हंगाम, उन्हाळा. जूनमध्ये वसमतला हळदीची लागवड चालू असते. पुढं पाऊस लागला, की पूर्णा नदी गढूळ होऊन धावते. त्याच दिवसांत खाडीतही गढूळ पाणी शिरतं, पण ते पावसाचं नसतं. ते हिमनद्या वितळून आलेलं असतं. बर्फानं खडक घासून घासून केलेली बारीक पूड त्यात असते. हिमनदीच्या तोंडाशी पाणी इतकं मातकट होतं, की प्रकाश आत जात नाही आणि तिथल्या डायटमची वाढ मंदावते.

तोपर्यंत डायटम खाणारे आलेले असतातच. कोपेपॉड नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे जीव त्यांच्यावर ताव मारतात. कोपेपॉडला लहान मासे खातात, ‘लिटल ऑक’ नावाचे काळे-पांढरे पक्षीही बुड्या मारून त्यांना पकडतात. प्रत्येक खाणाऱ्याबरोबर कार्बन एका पोटातून दुसऱ्या पोटात जातो. कोपेपॉडची विष्ठा बारीक गोळ्यांच्या रूपात खाली बसत जाते. छी म्हणू नका! समुद्राच्या तळाकडं कार्बन नेणारी ती एक मोठी वाट आहे.

तिसरा हंगाम, शरद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन कमी होतं, डायटम मरू लागतात. मेलेल्या पेशी, विष्ठा, कुजके तुकडे यांवर जिवाणू तुटून पडतात. खाताना तेही श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा पाण्यात सोडतात. मग वादळं येऊन पाणी घुसळतात आणि खोल साठलेला वायू वर येतो. वसंतात रिकामा झालेला वरचा थर पुन्हा भरू लागतो. कोपेपॉड मात्र तोवर अंगात भरपूर चरबी साठवून खोल पाण्यात निजायला गेलेले असतात. ती चरबीही कार्बनचीच! वरच्या पाण्यातला कार्बन त्यांनी स्वतःच्या अंगावर वाहून खाली नेलेला असतो.

चौथा हंगाम, हिवाळा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही. वसमतच्या शेतात हळदीचे कंद याच दिवसांत पोसतात, आणि खाडीत काळोख. मग सगळं थांबत असेल ना? अजिबात नाही! तळाच्या खडकांवर केल्प नावाची मोठी समुद्री शैवालं असतात. त्यांतली एक जात उन्हाळ्यात साठवलेल्या अन्नावर चक्क अंधारात नवं पान वाढवते. सूर्य आला, की पान तयार! शिवाय वरचं पाणी थंड होऊन जड होतं आणि आपल्यातला कार्बन घेऊन खाली बुडतं.

पण एवढ्या अंधारात हे सगळं मोजणार कोण? बोटी घेऊन रोज जाता येत नाही. म्हणून २३ जुलै २०१४ रोजी भारतीय शास्त्रज्ञांनी कोंग्सफियोर्डमध्ये १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा बसवली. तळाला नांगरलेल्या दोरावर वेगवेगळ्या खोलीवर उपकरणं टांगायची, अशी तिची रचना. पाणी किती थंड, किती खारट, कुठल्या दिशेनं वाहतंय, हे ती काळोख्या हिवाळ्यातही टिपत राहते. पाणी कसं घुसळतंय हे कळलं, तरच त्यातला कार्बन कुठं चाललाय ते कळतं.

आता आपल्या कणांची हजेरी घेऊ. काही कण काही दिवसांतच पुन्हा हवेत आले. काही जिवाणूंनी शरदात परत सोडले. काही बुडणाऱ्या पाण्याबरोबर खोल गेले, ते कदाचित शेकडो वर्षांनी वर येतील. आणि अगदी थोडे तळाच्या गाळात पुरले गेले, ते हजारो वर्षं तिथंच राहतील. एकही कण नाहीसा झाला नाही. कार्बन फक्त जागा बदलतो. कुठं किती काळ थांबतो, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणूनच एक फरक नीट समजून घ्या. चुलीतल्या पऱ्हाट्यांचा कार्बन कापसानं गेल्याच वर्षी हवेतून घेतला होता, तो हवेत परत गेला. पण डिझेल आणि दगडी कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली थांबलेला होता. तो आपण उकरून वर आणतोय. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं १९५८ मध्ये हवाईत मोजायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

माणसं दरवर्षी जेवढा हा वायू सोडतात, त्यातला जवळपास पाव हिस्सा समुद्र गिळतात. त्याची किंमत ते मोजतातही. वायू विरघळला की पाणी थोडं आम्लतेकडं झुकतं. कोंग्सफियोर्डमध्ये ‘समुद्री फुलपाखरू’ म्हणून ओळखली जाणारी इवलीशी गोगलगाय पोहते. तिचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि अशा पाण्यात तो बनवणं, टिकवणं कठीण होतं. थंड पाणी वायू जास्त घेतं, म्हणून हा त्रास तिथं लवकर जाणवतो. वसमतमधला एक बंद केलेला डिझेल पंप, एक सौर पंप, जाळण्याऐवजी कुजवून जमिनीत घातलेला हळदीचा पाला, यांचा हिशेब म्हणूनच त्या गोगलगायीपर्यंत जातो.

करून पाहा

सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. दोन्ही उघडून तोंडावर लगेच एकेक फुगा घट्ट बसवा. एक बाटली बर्फाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवा, दुसरी कोमट पाण्याच्या भांड्यात. पाणी कोमटच हवं, उकळतं नको. अर्ध्या तासानं बघा, कोणता फुगा जास्त फुगलाय? का? आणि समुद्राचं पाणी तापत गेलं, तर त्यानं पोटात घेतलेल्या वायूचं काय होईल? उत्तर वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.