'जंगल वाचवायचंय? मग खार खा!' ब्रिटनमध्ये असं का म्हणतात?

खार म्हटलं की आपल्याला रामसेतू आठवतो. समुद्रात वाळू टाकणारी इवलीशी खार, तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटं आणि त्यातून मराठीत आलेला शब्द, 'खारीचा वाटा'. त्यामुळे कुणी खारीचं मटण खातं हे ऐकूनच अनेकांना कसंतरी होतं.

पण अमेरिकेत लोक पिढ्यान् पिढ्या खार खात आलेत. आणि ब्रिटनमध्ये तर काही निसर्गप्रेमीच सांगतात की, खार खा, म्हणजे जंगल वाचेल.

आता हा नेमका काय प्रकार आहे? खार शिजवतात कशी? आणि ती खाल्ल्याने जंगल खरंच वाचतं का? बघूया.

अमेरिकेत खार ताटात कशी आली?

आपण ज्या खारीबद्दल बोलतोय ती आपल्या अंगणातली पट्ट्यांची खार नाही. ही आहे राखाडी खार. तिच्यापेक्षा बरीच मोठी, झुपकेदार शेपटीची आणि मूळची पूर्व अमेरिकेतली.

युरोपातून गेलेले लोक तिथे शेती करू लागले, तेव्हा या खारींनी त्यांच्या मक्यावर ताव मारायला सुरुवात केली. त्रास एवढा वाढला की १७४९ साली पेन्सिल्व्हेनियात मारलेल्या एका खारीमागे ३ पेन्स इनाम दिलं जात होतं. आता मारलेली खार टाकून कशाला द्यायची? गरीब शेतकऱ्याच्या घरात ती चुलीवर चढली.

त्यातूनच 'ब्रन्सविक स्ट्यू' हा प्रसिद्ध पदार्थ आला. व्हर्जिनियातल्या ब्रन्सविक काउंटीचा दावा असा आहे की, १८२८ मध्ये क्रीड हॅस्किन्स हे आमदार शिकारीला गेले असताना जिमी मॅथ्यूज या कृष्णवर्णीय आचाऱ्याने खारी, कांदा आणि शिळा पाव एकाच भांड्यात रटरटत ठेवला. तिकडे जॉर्जिया राज्यातलं ब्रन्सविक शहर म्हणतं, पदार्थ आमचा. मिसळ पुण्याची भारी की कोल्हापूरची, तसंच हे भांडण. आज मात्र या स्ट्यूमध्ये बहुतेक ठिकाणी चिकनच असतं.

१९३१ मध्ये आलेल्या 'जॉय ऑफ कुकिंग' या अमेरिकेतल्या घराघरात पोचलेल्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये खार कशी सोलायची, हे चित्रासकट दिलेलं होतं.

शिजवतात कशी?

राखाडी खारीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. कातडी, डोकं आणि आतडी काढली की हातात येतं ते थोडंसंच मांस. म्हणजे एका कुटुंबाला तीन-चार खारी लागणारच.

सोलणं हे सगळ्यात किचकट काम. कातडी चिवट असते आणि केस मांसाला चिकटतात. म्हणून शिकारी शेपटीच्या बुडाशी चीर देतात, शेपटीवर बूट दाबून धरतात आणि मागचे पाय वर ओढतात. कातडी अंगरख्यासारखी निघून येते.

कोवळी खार असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवून, पिठात घोळवून तळतात. जून असेल तर मंद आचेवर तास-दोन तास, मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवतात. चरबी फार कमी असल्याने घाई केली की मांस चामड्यासारखं होतं. चव सांगायची तर सशाच्या आणि कोंबडीच्या मधली, किंचित गोडसर. कारण खारीचं मुख्य खाणं म्हणजे ओक आणि हिकरीच्या झाडांची कवचाची फळं.

एक गोष्ट मात्र टाळतात, ती म्हणजे मेंदू. केंटकीच्या ग्रामीण भागात खारीचा मेंदू आवडीने खाल्ला जायचा. १९९७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलं की, क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या आजाराच्या पाच रुग्णांनी पूर्वी खारीचा मेंदू खाल्लेला होता. मेंदूमुळेच आजार झाला हे काही सिद्ध झालं नाही. पण तेव्हापासून मेंदू खाऊ नका, असा सल्ला दिला जातो.

मग ब्रिटनचा काय संबंध?

तर झालं असं की, १८७६ मध्ये थॉमस ब्रॉकलहर्स्ट नावाच्या एका धनिकाने अमेरिकेतून राखाडी खारी आणल्या आणि चेशायरमधल्या आपल्या हेन्बरी पार्कमध्ये सोडल्या. कारण काय? छान दिसतात. मग इतर श्रीमंतांनीही तेच केलं.

ब्रिटनची स्वतःची खार लाल रंगाची आणि अंगाने लहान. राखाडी खारीने तिचं खाणं पळवलं आणि सोबत खारींना होणाऱ्या 'पॉक्स'चा विषाणूही आणला. राखाडी खारीला त्याने सहसा काही होत नाही, लाल खार मात्र काही दिवसांत मरते. शिवाय राखाडी खारी ओक आणि बीचच्या कोवळ्या झाडांची साल सोलतात. ती झाडं वाळतात. आज ब्रिटनमध्ये राखाडी खारी २५ लाखांहून जास्त असल्याचा अंदाज आहे, तर लाल खारी ३ लाखांहूनही कमी. त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

म्हणून तिथे पकडलेली राखाडी खार परत सोडणं बेकायदा आहे. आणि यातूनच घोषणा आली, लाल खार वाचवा, राखाडी खार खा. काही रेस्टॉरंटनी ती मेन्यूत घेतली. २०१० मध्ये लंडनच्या एका सुपरमार्केटने तिचं मांस विकायला ठेवलं, तेव्हा प्राणीहक्क कार्यकर्त्यांनी जोरदार निषेध केला.

पण खाऊन प्रश्न सुटतो का?

खरं सांगायचं तर एकट्या खाण्याने नाही.

ब्रिटनने हा प्रयोग आधीच केलाय. १९५० च्या दशकात सरकार एका शेपटीमागे एक शिलिंग द्यायचं. ढिगाने शेपट्या जमा झाल्या, तरी खारी पसरतच राहिल्या. कारण राखाडी खार वर्षातून दोनदा पिल्लं देऊ शकते. एका भागातल्या मारल्या की शेजारच्या जंगलातून नव्या येतात. शिवाय ज्या मांसाला भाव मिळतो, तो प्राणी पूर्ण संपावा असं विकणाऱ्याला कशाला वाटेल?

यश कुठे मिळालं? वेल्सच्या अँगलसी बेटावर. तिथे १९९८ मध्ये जेमतेम ४० लाल खारी उरल्या होत्या. मग सलग वर्षानुवर्षं पिंजरे लावून बेटावरच्या राखाडी खारी काढल्या. आज तिथे लाल खारी शेकड्यांनी आहेत. दुसरा उपाय निसर्गानेच दाखवला. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये 'पाइन मार्टन' हा झाडावर चढणारा छोटा शिकारी प्राणी जिथे परतला, तिथे राखाडी खारी कमी झाल्या आणि लाल वाढल्या.

म्हणजे पकडलेली खार वाया जाऊ नये म्हणून खाणं समजू शकतो. पण खाणं म्हणजे संवर्धन नाही.

आपल्यासाठी यात काय?

अमेरिकेत हीच राखाडी खार घरची आहे. तिथे तिच्या शिकारीला हंगाम आणि मर्यादा आहे. केंटकीत एका शिकाऱ्याला दिवसाला सहाच खारी. समुद्र ओलांडला की तीच उपरी ठरते. आपलीही एक खार अशीच परदेशात उपरी झालीये. १८९८ मध्ये भारतातली पाच पट्ट्यांची खार ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयात नेली गेली, तिथून ती बाहेर पसरली आणि आज पश्चिम ऑस्ट्रेलियात ती उपद्रवी मानली जाते.

आणि महाराष्ट्रात? इथे शेकरू हा राज्यप्राणी आहे. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य प्रामुख्याने त्याच्यासाठीच झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याची शिकार केली तर थेट गुन्हा.

त्यामुळे एखाद्या रीलमध्ये परदेशी शेफ 'खार खा, निसर्ग वाचवा' म्हणताना दिसला, तर तो त्याच्या जंगलातल्या पाहुण्या खारीबद्दल बोलतोय, हे लक्षात ठेवा. आपल्या खारी इथल्याच आहेत. त्यांना आंब्याच्या झाडावर सुखाने राहू द्या.