‘अ’ तुकडी आणि वजाबाकी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात चार कागद लागायचे. अ, ब, क, ड. कुठल्या आधारावर नावं पडतात हे कुणी सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. आठवीला माझं नाव अ मध्ये आलं, शेजारच्या घरातल्या मित्राचं क मध्ये. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो. आता आम्हा अ तुकडीवाल्यांना भूमितीला शाळेतले सर्वांत जुने, खडू हातात घेतला की वर्ग गप्प करणारे सर आले. क तुकडीला पहिले चार महिने भूमितीचा शिक्षकच नव्हता. त्यांचा तो तास ‘ऑफ’. ते मैदानावर असायचे आणि आम्ही खिडकीतून त्यांचा हेवा करायचो.

पुढे शिक्षणावर वाचू-लिहू लागलो तेव्हा एक वाद वरचेवर समोर येऊ लागला. पुढच्या आणि मागच्या मुलांमधलं अंतर कमी करायचं तर शाळेनं पुढच्यांना थोडं थांबवावं का? पहिल्यांदा ऐकताना प्रश्न वेडगळ वाटतो. पण जगात तो प्रत्यक्ष राबवून पाहिला गेला आहे, आणि चांगल्या हेतूच्या, शिकल्यासवरल्या माणसांनी राबवला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण सर्वांत ताजं. तिथल्या सार्वजनिक शाळांनी 2014 पासून आठवीत बीजगणित शिकवणं बंद केलं. सर्वांनी ते नववीतच घ्यायचं. आपल्याकडे अक्षरांची गणितं त्याआधीच सुरू होतात, त्यामुळे एवढं काय बिघडलं असं वाटेल. पण तिकडे एका पायरीवर दुसरी उभी असते. नववीत बीजगणित, दहावीत भूमिती, अकरावीत बीजगणिताचा दुसरा भाग, बारावीत कॅल्क्युलसची पूर्वतयारी, की शाळा संपली. कॅल्क्युलसपर्यंत पोचायचं तर आठवीतच सुरुवात हवी. हा बदल होण्याआधी आठवीच्या बीजगणिताच्या वर्गात गोरी आणि आशियाई मुलं जास्त, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं कमी दिसत. ते दृश्य कुणालाही बोचावं असंच होतं. शहरानं उपाय काढला तो असा की वर्गच नको.

पहिली काही वर्षं यशाचे आकडे फिरले. बीजगणित पुन्हा घ्यावं लागणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आल्याचा दावा झाला. मग टीकाकारांनी दाखवलं की मधल्या काळात पुढे जाण्यासाठीची परीक्षेची अटच काढून टाकली होती. ज्यांना परवडलं त्या पालकांनी वाटा शोधल्या : खाजगी शाळा, पैसे भरून ऑनलाइन बीजगणित, उन्हाळ्याच्या सुट्टीत भूमिती. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये हिशोब मांडला तेव्हा वरच्या दर्जाच्या गणितातली वांशिक दरी जवळजवळ होती तशीच निघाली. फेब्रुवारी 2024 मध्ये शाळा मंडळानं आठवीचं बीजगणित परत आणायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात मतदारांनीही मोठ्या बहुमतानं तसाच कौल दिला. दहा वर्षं म्हणजे मुलांच्या दोन-तीन पिढ्या. त्यांच्यातल्या एखाद्या आफ्रिकी-अमेरिकी बस ड्रायव्हरच्या गणितवेड्या मुलीचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या घरी ऑनलाइन वर्गाचे पैसे नव्हते. थांबली ती तीच.

दक्षिण कोरिया तर याहून पुढे गेला. तिथे 1974 मध्ये सोल आणि बुसानमध्ये हायस्कूलच्या प्रवेश परीक्षा बंद करून चिठ्ठ्या टाकून शाळा वाटायला सुरुवात झाली. नामवंत शाळा संपतील, सगळ्या सारख्या होतील, असा बेत होता. झालं असं, की चिठ्ठी भागानुसार पडत असल्यामुळे लोक भाग बदलू लागले आणि सोलच्या दक्षिणेकडच्या गंगनममध्ये घरांचे भाव शाळांच्या नावानं चढले. दुसरीकडे शिकवण्या फोफावल्या. जुलै 1980 मध्ये लष्करी राजवटीनं खाजगी शिकवण्यांवरच बंदी घातली. बंदीनं शिकवण्या थांबल्या नाहीत. त्या दारामागे गेल्या आणि महागल्या, म्हणजे श्रीमंतांपुरत्या उरल्या. 2000 साली तिथल्या घटना न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली. आज सोलमध्ये रात्री दहानंतर शिकवणी वर्ग चालवता येत नाहीत, एवढा लगाम मात्र आहे.

फिनलंडचं नाव या चर्चेत निघतंच. तिथे 1985 मध्ये गणित आणि भाषांमधल्या पातळीनुसार तुकड्या मोडल्या आणि काही बिघडलं नाही, हे खरं. पण तिथे मागे पडलेल्या मुलाजवळ जास्तीचा शिक्षक त्याच आठवड्यात येऊन बसतो. आपण हे उदाहरण देताना तो शिक्षक सोयीस्करपणे गाळतो.

आपल्याकडे ‘हुशारांना थांबवा’ असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची हिंमतही होणार नाही, पालक शाळेवर मोर्चा आणतील. आपल्याकडे हे काम न बोलता होतं. दहावीची गुणवत्ता यादी आठवा. वर्तमानपत्रात पेढा भरवतानाचे फोटो, ‘डॉक्टर व्हायचंय’ असं सांगणारी दोन वेण्यांची मुलगी. मुलांवरचा ताण नको म्हणून मंडळानं ती यादी बंद केली आणि ते बरंच झालं. 2010 मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरायचे. शिवाय कला-क्रीडेचे वाढीव गुण. 2025 च्या दहावीत राज्यातल्या 211 मुलांना 100 टक्के मिळाले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. त्या मुलांचं कौतुक आहेच. पण ज्या तराजूत 211 जणांचा काटा टोकाला जाऊन टेकतो, तो तराजू पुढे वजन सांगत नाही. वरचं अंतर मिटलं ते छत खाली आणून. मग खरी निवड कुठे होते? नीट आणि जेईईच्या क्लासमध्ये, जिथे आत जायलाच लाखाच्या घरात फी लागते.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्ती परीक्षेची, आणि ती मला जास्त लागते. वर्षानुवर्षं ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तिच्याभोवती एक आख्खी संस्कृती उभी राहिली होती. सकाळी आठला जादा तास, दिवाळीच्या सुट्टीतही गुरुजी शाळेत, बुद्धिमत्ता चाचणीच्या आकृत्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढलेल्या. गुरुजींची गावातली इज्जत ‘यंदा किती लागले’ यावर ठरायची. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत धरला, त्याला धरून 2016-17 पासून परीक्षा पाचवी आणि आठवीला नेली. कागदावर तर्क चोख. पण गावोगावच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच! पोरगं पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलं की त्याला ओळखणारे, त्याच्यावर सकाळचे दोन तास खर्चणारे गुरुजी मागे राहिले. कुणाला अडवायचा हेतू नव्हता. तरी अडले ते वाडीवस्तीवरचेच. शहरातल्या मुलाच्या हातात ऑलिंपियाडची पुस्तकं होतीच.

याच्या उलट जिथे सरकारनं मुद्दाम वरची वाट ठेवली, तिचा फायदा कुणाला झाला तेही पाहावं. 1985-86 मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. सहावीला परीक्षेनं प्रवेश, किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, राहणं-जेवण मोफत. त्या परीक्षेची पुस्तकं एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळतात, यातच तिच्याबद्दल बरंच काही आलं.

म्हणून तुकड्या हव्यात, असं मी म्हणतोय का? माझ्या शाळेतल्या तसल्या, मुळीच नकोत. त्या व्हरांड्यातल्या कागदांनी मुलं वाटली याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार शिक्षक वाटण्याची आहे. चांगले सर अ ला, ऑफ तास क ला. आणि ड मध्ये गेलेलं पोर दहावीपर्यंत ड मध्येच. परवा त्या मित्राला विचारलं, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, की तेव्हा अ तुकडीचं शिकवणं थांबवलं असतं तर तुला बरं वाटलं असतं का? तो बिजागऱ्या मोजत होता. “मला काय मिळालं असतं त्यात?” म्हणाला. “सर मिळाले असते तर बोल.”

सर मिळाले तर तुकड्यांचं काय होतं? केनियाच्या पश्चिम भागात 121 प्राथमिक शाळांत तसा एक प्रयोग झाला. पहिलीच्या वर्गाला जादा शिक्षक देऊन वर्गाचे दोन भाग केले. काही शाळांत पातळीनुसार, काही शाळांत सरमिसळ. दीड वर्षानं पातळीनुसार भाग केलेल्या शाळांतली मुलं पुढे निघाली. आणि फक्त वरच्या गटातली नाही, खालच्या गटातलीही. कारण साधं आहे : समोर एकाच पातळीची मुलं असली की शिक्षकाला त्यांच्यासाठी शिकवता येतं. एरवी तो पहिल्या बाकाकडे बघून शिकवतो. या अभ्यासातल्या एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं, तिसरे अभिजित बॅनर्जी. बॅनर्जी आणि डुफ्लो यांचं त्याआधीचं काम आपल्या मुंबईत आणि बडोद्यात झालेलं. ‘प्रथम’ या संस्थेची बालसखी योजना : वस्तीतलीच एक तरुणी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं आणि रोजचे दोनेक तास. मुलं वाचायला लागली. त्यासाठी वर्गातल्या कुणाचं पुस्तक काढून घ्यावं लागलं नाही.

मागे पडलेल्यांना असा हात देण्याची गरज किती मोठी आहे ते ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालात दिसतं. ग्रामीण भारतात पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. या आकड्यापुढे वरच्यांना थांबवण्याची भाषा म्हणजे विहीर आटली म्हणून शेजाऱ्याचा हंडा फोडण्यासारखं आहे.

मात्र हुशार मुलाला थांबवण्याचा एक प्रकार आपण सगळेच करतो आणि त्याला संस्कार म्हणतो. त्याचं झालं की त्याला दुसऱ्याला शिकवायला बसवायचं. कधीमधी हे छान. रोज केलं तर तो बिनपगारी शिक्षक होतो आणि त्याचं स्वतःचं शिकणं तिथेच राहतं.

गेल्या हिवाळ्यात एका द्विशिक्षकी शाळेत दिवसभर बसलो होतो. फरशीवर खडूनं चार गोल : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. कोणतं पोर कोणत्या इयत्तेतलं हे त्या तासापुरतं विसरायचं. तिसरीतली एक मुलगी पाचवीच्या मुलांबरोबर गोष्टीच्या गोलात होती आणि पाचवीतला एक मुलगा न लाजता शब्दांच्या. “पंधरा दिवसांनी गोल बदलतात, म्हणून लाजत नाहीत,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी नोंदवही दाखवली. उभे रकाने छापील : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणिताला अंकओळख, वजाबाकी, भागाकार. तिसरीतल्या त्या मुलीच्या नावापुढे दोन्हीकडे शेवटच्या रकान्यात ऑगस्टमध्येच बरोबरची खूण झाली होती. त्यापुढे कागद संपत होता. बाईंनी पट्टी धरून समासात पेन्सिलीनं आणखी एक रकाना आखला होता. वर नाव लिहिलेलं नव्हतं.