फुटला तो तारा कोणता?

२४ फेब्रुवारी १९८७ ची पहाट. चिलीतल्या लास कँपानास वेधशाळेत इयन शेल्टन यांनी रात्रभराच्या कामानंतर काचेवरचं छायाचित्र धुऊन पाहिलं, तर मोठ्या मॅगेलनी मेघात एक ठळक ठिपका! काचेतच काही दोष असेल, असं वाटून ते बाहेर आले. मान वर केली, तर तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्याचा प्रकाश दीड लाखाहून जास्त वर्षं प्रवास करून त्या पहाटे पोचला होता.

अतिनवतारा, म्हणजे फुटलेला तारा, सापडला, पण मूळ तारा कोणता? स्फोटाच्या झगमगाटात ते कळत नाही. आधीची छायाचित्रं धुंडाळावी लागतात. नेमक्या त्या जागी खगोलशास्त्रज्ञ निकोलस सँड्युलिक यांच्या यादीतला एक निळा महाराक्षसी तारा होता. सगळे चक्रावले, कारण असे तारे तांबडे होऊन फुटतात असंच सिद्धांत सांगत होता. त्यात आययूई उपग्रहाला तिथे अतिनील प्रकाश अजून दिसतच होता. म्हणजे निळा तारा शाबूत? बारकाईनं पाहिल्यावर उलगडा झाला: तो उजेड अगदी खेटून असलेल्या दोन मंद ताऱ्यांचा होता. निळा तारा खरोखरच नाहीसा झाला होता.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते, की ओळख पक्की होते ती तारा दिसेनासा झाल्यावर. २००३ मध्ये एम ७४ या दीर्घिकेत स्फोट झाला. हबल दुर्बिणीनं स्फोटाआधीच्या वर्षभरातच तो भाग टिपून ठेवलेला! त्यात सूर्याच्या सुमारे आठपट वस्तुमानाचा तांबडा महाराक्षसी तारा सापडला. स्फोटाचा उजेड ओसरेपर्यंत खगोलशास्त्रज्ञ थांबले, आणि २००९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की तो तारा आता तिथे नाही.

अशी ओळख पटलेले तांबडे तारे बहुतेक सूर्याच्या वस्तुमानाच्या १८ पटींच्या आतले आहेत. आकाशात तर २५ पटींचेही दिसतात. मग ते फुटताना का सापडत नाहीत? काहींच्या मते ते स्फोटाविनाच कोसळून कृष्णविवर होतात. काही म्हणतात, धुळीच्या वेढ्यामुळे आपण त्यांचं वस्तुमान कमी धरतो. २०२३ मध्ये जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत अतिनवतारा दिसला. त्याचा मूळ तारा जुन्या चित्रांत सापडला, तोही धुळीनं वेढलेला. आणि त्याच्या वस्तुमानाचे अंदाज सूर्याच्या सुमारे १० पटींपासून २० पटींपर्यंत निघाले.