हिरवी पडलेली मूर्ती आणि चिंचेचा गोळा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मुंबईतल्या चारकोपमधल्या घराघरांत देवघर रिकामं होतं. मूर्ती, टाक, समया मोरीत येतात. चिंच, मीठ, लिंबू, रांगोळीची पूड, जे हाताशी असेल ते. तासाभरात सगळं लखलखतं आणि देवांचं आयुष्य वाढलं असं वाटतं. खरं तर ते थोडं घटलेलं असतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल काळा थर विरघळवतं आणि पूड त्याखालचा धातूही खरवडते. नाक-डोळे पुसट झालेले जुने टाक याची साक्ष देतात. पितळेवर उमटणारी लालसर छटा हीदेखील स्वच्छतेची खूण नव्हे. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि मागे तांबं उरलेलं असतं.

रोजच्या ताम्हणाला हे चालून जातं. पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या टाकाला चालत नाही.

दुसरा समज याहून घट्ट आहे: हिरवं दिसलं म्हणजे कळकलं, खरवडून काढा. पण हिरवे थर दोन जातींचे असतात. तांब्याच्या कार्बोनेटचा गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर खालच्या धातूचं रक्षण करतो. तो काढला की हवा नव्याने धातू खायला मोकळी. दुसरा थर फिकट हिरवा, भुकटीसारखा असतो. बोट फिरवलं की निघतो आणि काही दिवसांत परत येतो. संग्रहालयवाले याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. धातूच्या आत तांब्याचं क्लोराइड दडलेलं असतं. ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची भुकटी होते, त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. सापेक्ष आर्द्रता साधारण 42 ते 46 टक्क्यांच्या वर गेली की हे सुरू होऊ शकतं. मुंबईत पावसाळ्यात ती 80च्या पुढे असते. त्यात चारकोपच्या पश्चिमेला खारफुटी आणि मनोरीची खाडी, म्हणजे वाऱ्यातही मीठ. वर आपण चिंचेबरोबर मुठीने मीठ चोळतो! हा रोग मुख्यतः जमिनीतून निघालेल्या वस्तूंना होतो. पूजेतल्या मूर्तीला क्वचित. जुनी नाणी जमवणाऱ्यांनी मात्र सावध असावं.

ओळखायचं कसं? भुकटीचा कण ऊर्ध्वपातित पाण्यात घ्यायचा, नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून विरघळवायचा आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडायचा. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड आहे. नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्याच क्लोराइडने ते गढूळ होईल आणि निदान फुकट जाईल. घरी हा प्रयोग करू नये. घरी एवढंच करावं: वस्तू कोरडी ठेवावी, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि जाणकाराला दाखवावी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे.

‘तपासायचं म्हणजे तुकडा तोडणार’ ही भीतीही अनेकांना असते. सराफाकडे सोन्याचा कस बघायला जे कॅरेट मीटर असतं, तेच तंत्र संग्रहालयातही वापरतात: क्ष-किरण सोडायचे आणि उलट येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखायची. वस्तूला ओरखडाही पडत नाही. पण धातूत हे यंत्र फार तर केसाच्या जाडीएवढं खोल बघतं. त्यामुळे मुलामा आणि गंज त्याला हमखास फसवतात. कार्बनसारखी हलकी मूलद्रव्यं तर त्याला दिसतच नाहीत. पैठणीची जर सांगेल, रेशमाचा रंग नाही. म्हणून कधीकधी टाचणीच्या टोकाएवढा नमुना घ्यावाच लागतो.

आणि यंत्राने आकडा दिला म्हणजे वय ठरलं, हेही खोटं. 1974 मध्ये नगर जिल्ह्यात दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशा चार ओतीव वस्तू सापडल्या. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. अनेक पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या. पुरातत्त्ववैज्ञानिक डी. पी. अग्रवाल यांच्या पृथक्करणात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं, तर आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं मिश्रण आढळत नव्हतं. त्यामुळे त्यांच्या काळाचा वाद मिटण्याऐवजी पेटला. मला हे रसायनशास्त्राचं अपयश वाटत नाही. त्या पृथक्करणाशिवाय हा प्रश्न कुणाला सुचलाच नसता.

राहिलं वॉर्निश. जुन्या तसबिरीवर त्याचा हात मारला की ती टिकते, असं सर्रास सांगतात. अजिंठ्यात हेच झालं. निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी 1920 ते 1922 दरम्यान चित्रांवर लाखेचा थर दिला. कालांतराने तो पिवळा पडला, धूळ आणि काजळी धरून बसला. तो काढणं सोपं नाही, कारण अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी 1930च्या दशकातच दाखवलं की रंग सुक्या गिलाव्यावर चिकट माध्यमात कालवून लावले आहेत. ते माध्यम सेंद्रिय, म्हणजे पाण्यालाही हळवं. तेव्हा आधी लाख कुठली आणि माध्यम कुठलं ते अवरक्त वर्णपटाने ओळखायचं, मग लाखेला विरघळवेल पण माध्यमाला शिवणार नाही असं द्रावक शोधायचं, आणि कापसाच्या बोळ्याने नखाएवढ्या जागेवर, कोपऱ्यात, करून बघायचं. बोळ्यावर पिवळं आलं तर पुढे जायचं. निळं आलं तर थांबायचं.